रानातला एकटा माणूस आणि त्याच्या पुढे चालणारा कॅमेरा

टीव्हीवर जंगलात हरवलेल्या माणसाचे कार्यक्रम आता आपल्या घराघरांत पोचले आहेत. एक धडधाकट माणूस हेलिकॉप्टरमधून उडी मारतो, नदी पोहून जातो, किडे-विंचू खातो, कड्यावरून दोराने उतरतो आणि शेवटी रस्त्याला लागतो. हिंदीत भाषांतर होऊन हे कार्यक्रम आले आणि आमच्या देवगाव रंगारीसारख्या गावातल्या पोरांनाही बेअर ग्रिल्स हे नाव पाठ झाले. तालुक्याचे आमदार कोण हे एखाद्याला सांगता येणार नाही, पण सापाचे मुंडके कसे उडवायचे हे तो सांगेल.

या कार्यक्रमांबद्दल मला आज थोडे बोलायचे आहे. हे खरे असते का, हा पोरांचा प्रश्न. खरे नसेल तर त्यात बिघडले काय, हा त्यांच्या बापांचा प्रश्न. दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

आधी एक साधी गोष्ट पाहू. माणूस कड्याच्या टोकाला लोंबकळतो आहे आणि त्याचा घामाघूम चेहरा आपल्याला समोरून दिसतो. म्हणजे त्याच्या समोर, तेवढ्याच अवघड जागी, कोणीतरी कॅमेरा घेऊन त्याच्या आधी पोचलेला आहे. माणूस नदीत उडी मारतो तेव्हा पलीकडच्या काठावरून त्याचे चित्र घेतले जाते. म्हणजे पलीकडे जायचा दुसरा रस्ता होता. आवाज टिपणारा, दोर बांधणारा, प्रथमोपचार जाणणारा, स्थानिक वाटाड्या, असा सगळा लवाजमा चौकटीच्या बाहेर उभा असतो. ‘मी इथे एकटा आहे’ असे तो म्हणतो तेव्हा ते वाक्य ऐकायला निदान चार माणसे हजर असतात.

हा नुसता तर्क नाही. ‘मॅन व्हर्सेस वाइल्ड’ ही मालिका २००६ मध्ये सुरू झाली. ब्रिटनमध्ये ती ‘बॉर्न सर्व्हायव्हर’ या नावाने दाखवली जाई. २००७ च्या जुलै महिन्यात तिच्याबद्दल ब्रिटनच्या वृत्तपत्रांत बातम्या आल्या आणि मोठा गाजावाजा झाला. मालिकेसाठी सल्लागार म्हणून काम केलेल्या एका जाणकारानेच आतली माहिती सांगितली होती. रानात रात्र काढतो असे दाखवलेला माणूस काही रात्री चक्क लॉजमध्ये मुक्कामाला होता. ओसाड बेटावर त्याने बांधलेला तराफा आधी तज्ज्ञ माणसांनी बांधून पाहिला होता. रानटी म्हणून दाखवलेले घोडे भाड्याने आणलेले, माणसाळलेले होते. ज्वालामुखीचा धूर कमी पडला म्हणून धुराचे यंत्र आणि निखारे वापरले होते. हा कार्यक्रम म्हणजे घडले ते जसेच्या तसे टिपणारा माहितीपट नसून तगून राहण्याच्या युक्त्या शिकवणारा कार्यक्रम आहे, असा खुलासा वाहिनीने केला. पुढे सुरुवातीला पाटी दाखवायला सुरुवात झाली. जिवाला धोका असेल तिथे पथकाची मदत घेतली जाते आणि युक्त्या दाखवता याव्यात म्हणून काही प्रसंग मुद्दाम उभे केले जातात, असा त्या पाटीचा आशय. अशा पाट्या बहुधा इंग्रजीत असतात, आणि वाचून होईपर्यंत निघून जातात.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. बेअर ग्रिल्स हा काही पोकळ माणूस नाही. ब्रिटिश सैन्याच्या विशेष दलाच्या राखीव तुकडीत त्याने काम केले, पॅराशूटच्या अपघातात पाठ मोडून घेतली आणि त्यानंतर १९९८ मध्ये एव्हरेस्ट चढला. त्याचे अंगबळ आणि धाडस खरे आहे. खोटा होता तो एकटेपणा. आणि गंमत अशी की कार्यक्रम विकला जात होता तो त्या एकटेपणावरच.

आपल्याकडेही याचा अनुभव आला. १२ ऑगस्ट २०१९ रोजी आपले पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्याबरोबरचा भाग प्रसारित झाला. चित्रीकरण उत्तराखंडातल्या कॉर्बेट अभयारण्यात झाले होते. पंतप्रधान हिंदीत बोलत होते, ग्रिल्स इंग्रजीत, आणि दोघांचा संवाद अगदी सुरळीत चालला होता. पाहणाऱ्यांना प्रश्न पडला, या गोऱ्या माणसाला हिंदी कळते कधीपासून? याचा उलगडा झाला तो रेडिओवर. त्याच महिन्यात २५ तारखेच्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी स्वतः सांगितले की ग्रिल्सच्या कानाला एक बिनतारी यंत्र लावलेले होते आणि त्यातून हिंदीचे इंग्रजी भाषांतर लगेच त्याला ऐकू येत होते. यात लपवण्यासारखे काही नव्हते. पण पाहा, कानातले एवढे यंत्र चौकटीत दिसले नाही तर कोट्यवधी माणसांच्या मनात केवढा गोंधळ उडतो. जे दाखवले जात नाही त्यात किती मावते, याचे हे छोटेसे उदाहरण. पुढे २०२० मध्ये रजनीकांत यांच्याबरोबर बंदीपूरला चित्रीकरण झाले, तेव्हा ते जखमी झाल्याची बातमी वाऱ्यासारखी पसरली. प्रत्यक्षात किरकोळ खरचटण्यापलीकडे काही झाले नव्हते. टीव्हीवरच्या जंगलात गेलेल्या माणसाला काहीतरी भयंकर झालेच पाहिजे, अशी आपलीही अपेक्षा तयार झाली आहे.

हा खेळ नवा नाही. १९२२ मध्ये रॉबर्ट फ्लाहर्टी यांनी ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ हा चित्रपट काढला. माहितीपटांच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान आहे. त्यातला नानूक हा उत्तरेकडच्या बर्फाळ प्रदेशातला शिकारी. त्याचे खरे नाव वेगळेच होते. त्याच्या लोकांकडे तोवर बंदुका आल्या होत्या, पण चित्रपटासाठी त्यांना जुन्या भाल्याने शिकार करायला लावले. बर्फाच्या घरात कॅमेरा मावेना आणि उजेड पुरेना, म्हणून अर्धेच घर बांधले आणि त्या उघड्या घरात कुटुंब झोपल्याचे दाखवले. १९५८ मध्ये डिस्नेच्या ‘व्हाइट वाइल्डरनेस’ने लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी समुद्रात सामुदायिक उड्या टाकतात असे दाखवले. चित्रीकरण झाले होते कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतात. तिथे ना समुद्र ना ते लेमिंग. प्राणी विकत आणले होते आणि कड्यावरून ढकलले होते. १९८२ मध्ये कॅनडाच्या टीव्हीनेच हे उघडकीला आणले. पण लेमिंग आत्महत्या करतात ही समजूत जगभर रुजली ती रुजलीच. एकदा डोळ्यांनी पाहिलेले खोटे कानांनी ऐकलेल्या खऱ्याला दाद देत नाही.

आता कोणी म्हणेल, तुम्ही कवी माणूस, तुम्ही कशाला खरे-खोटे मोजता? कवितेत काय सगळे खरे असते? बरोबर आहे. मी कवितेत नदीला रडवतो, झाडाला बोलायला लावतो. रेडिओवरच्या नाटकात नारळाच्या करवंट्या आपटून घोड्यांच्या टापा वाजवतात. ऐकणाऱ्याला ते ठाऊक असते, आणि ठाऊक असूनही त्याला घोडा दिसतो. कलेचा व्यवहार असाच असतो. पण मी कविता लिहून तिला पंचनामा म्हणत नाही. तलाठ्याने पंचनाम्यात कविता केली तर शेतकऱ्याची नुकसानभरपाई बुडेल.

आपल्या गावांत सुगी झाली की बहुरूपी येत असे, अजूनही कधीमधी येतो. त्याला रायरंद म्हणतात. अंगावर फौजदाराचा वेष, हातात छडी, कागद काढून दरडावतो, ‘चला, वॉरंट आहे तुमच्या नावाचं!’ घरातली बाई हसते, पोरे दाराआड लपतात, आणि म्हातारा पायलीभर जोंधळा आणून त्याच्या झोळीत घालतो. तो फौजदार नाही हे त्यालाही ठाऊक आणि आपल्यालाही. म्हणून तो कलावंत. उद्या तोच वेष घालून एखाद्याने खरोखर पैसे उकळले तर त्याला आपण बहुरूपी म्हणणार नाही, तोतया म्हणू. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया पुण्याच्या राज्यात केवढा गोंधळ घालून गेला, हे आपल्या इतिहासात आहे. बहुरूपी आणि तोतया यांचा वेष एकच असतो. फरक असतो तो पाहणाऱ्याशी केलेल्या कराराचा. टीव्हीवरचा जंगलवीर बहुरूपी असेल तर माझी काहीच हरकत नाही. करमणूक म्हणून त्याला माझाही पायलीभर जोंधळा. पण तो मास्तर होऊन शिकवायला लागला की हिशेब मागावा लागतो.

कारण शिकवलेले खेड्यात वापरले जाते. आमच्या गल्लीतल्या एका पोराने मला विचारले, ‘चाचा, साप चावला तर तोंडानं विष ओढून थुंकायचं ना?’ मी विचारले, ‘कुठं पाहिलंस?’ तो म्हणाला, ‘टीव्हीत.’ सिनेमात पाहिले की जंगलाच्या कार्यक्रमात, हे त्यालाही आठवत नव्हते. या प्रश्नावर हसण्यासारखे काही नाही. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातले बहुतेक खेड्यातले, शेतात राबणारे. कपाशी वेचताना, गवत कापताना, रात्री मोटर चालू करायला जाताना. आपल्याकडचे मुख्य विषारी साप चार, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. यातला कोणताही चावला तरी जखम कापायची नाही, तोंडाने विष ओढायचे नाही, दोरीने आवळून रक्त बंद करायचे नाही. माणसाला धीर द्यायचा, चावलेला भाग हलू द्यायचा नाही, आणि मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठायचा. सापाच्या विषावर इलाज एकच, प्रतिसर्पविषाची लस. हे सगळे दाखवायला पाच मिनिटेही लागत नाहीत आणि त्यात थरार काहीच नाही. म्हणूनच ते दाखवले जात नाही.

तीच गोष्ट पाण्याची. पाणी नसेल तर स्वतःची लघवी प्यावी, असे टीव्हीवरच्या वीराने करून दाखवले आणि पोरांत त्याचीच चर्चा जास्त. लघवीत शरीराने बाहेर टाकलेले क्षार असतात. तहानलेल्या माणसाने ते पुन्हा पोटात घातले तर शरीराला ते बाहेर काढायला आणखी पाणी लागते. निवडुंग फोडून पाणी प्यावे, हेही असेच. आपल्या बांधावरच्या शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जायची वेळ येते, हे शेतकऱ्याच्या पोराला ठाऊक असायला हवे, आणि त्याच्या आजोबांना ते ठाऊक असतेच. दुसऱ्या देशातल्या झाडाची युक्ती आपल्या बांधावर चालत नाही.

पण या कार्यक्रमांतले सगळ्यात मोठे खोटे मला लॉजच्या मुक्कामात दिसत नाही. ते दिसते त्यांच्या वेगात. रानात वाट चुकलेल्याने काय करावे असे कोणत्याही जाणकाराला विचारा. तो सांगेल, थांबा. सावली शोधा, आडोसा करा, घाम गाळू नका, दिसाल अशा जागी राहा, धूर करा, लोक शोधत येतील. धावू नका, उड्या मारू नका, मुरगळलेला पाय रानात जीव घेतो. म्हणजे वाचण्याची विद्या ही बरीचशी बसून राहण्याची विद्या आहे. पण बसून राहिलेल्या माणसाकडे तासभर कोण पाहणार? म्हणून टीव्हीवरचा माणूस सतत धावतो, नको त्या ठिकाणी उडी मारतो, हाताशी पर्याय असताना किडा खातो. शिकवतो आहे असे सांगून तो नेमके उलटे शिकवत असतो.

कॅनडाच्या लेस स्ट्राउड यांनी ‘सर्व्हायव्हरमॅन’ नावाचा कार्यक्रम केला, त्याची रीत वेगळी होती. ते बहुधा सात दिवस खरोखर एकटे राहत. कॅमेरे स्वतः वाहून नेत. आपण चालत दूर जातो आहोत असे दाखवायचे तर कॅमेरा तिकाटण्यावर ठेवायचा, दूर चालत जायचे, आणि मग कॅमेरा आणायला परत यायचे. एक चित्र घ्यायला तेवढी वाट तीन वेळा तुडवायची. त्या कार्यक्रमात बराच वेळ काही घडत नाही. माणूस भुकेला बसून असतो, विस्तव पेटत नाही, शिकार मिळत नाही, तो चिडतो, खचतो. तगणे असेच असते. हा कार्यक्रमही गाजला, पण आमच्या पोरांना जे नाव ठाऊक आहे ते दुसऱ्याचे.

थरारामागचा खरा धोका कधी कुठून येतो याचे एक दुःखद उदाहरण आहे. मार्च २०१५ मध्ये ‘ड्रॉप्ड’ नावाच्या फ्रेंच कार्यक्रमाचे चित्रीकरण अर्जेंटिनात चालू होते. नामवंत खेळाडूंना डोळे बांधून रानात सोडायचे आणि त्यांनी वाट काढायची, अशी कल्पना. चित्रीकरणासाठी उडालेली दोन हेलिकॉप्टर एकमेकांवर आदळली आणि १० माणसे जागीच गेली. त्यात ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळवलेली जलतरणपटू कामिय मुफा होती, एकटीने समुद्र पालथे घालणारी नौकापटू फ्लोरान्स आर्तो होती. त्यांचा जीव रानाने घेतला नाही. रान दाखवण्याच्या यंत्रणेने घेतला.

आणि खरोखर तगून राहिलेल्यांचे काय? त्यांच्यापुढे कॅमेरा चालत नसतो. १९७२ च्या दुष्काळात मी तीन-चार वर्षांचा होतो. त्या काळाचे मला आठवते त्याहून अम्मीने सांगितलेलेच जास्त आहे. ती खडी फोडायला जायची. परदेशातून आलेल्या लाल मिलोची भाकरी, वर सुकडी. मिलोची भाकरी थापताना तुटायची, असे ती सांगायची. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसे होती. त्या कामांतूनच पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली. अम्मीच्या सांगण्यात साहस हा शब्द कधी आला नाही. कोणी कोणाला पाणी दिले, कोणाच्या विहिरीला तळाशी ओल होती, कोणी आपल्या वाट्याची भाकर अर्धी करून शेजारच्या पोराला दिली, याच्याच त्या गोष्टी. टीव्हीवर एकटा माणूस निसर्गाला हरवतो. आमची माणसे एकमेकांच्या आधाराने तगली. दुष्काळात एकटा माणूस तगत नाही, हे मराठवाड्याला शिकवायची गरज नाही.

अलीकडची दुसरी गोष्ट माणसाची नाही, वाघाची आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात २०१९ च्या सुरुवातीला रेडिओ कॉलर बसवली होती. त्याच वर्षी जूनमध्ये तो हद्दीच्या आणि जोडीदाराच्या शोधात निघाला. लोकांनी त्याला ‘वॉकर’ नाव दिले. महाराष्ट्रातले सात जिल्हे आणि तेलंगणाचा काही भाग तुडवत, नऊ महिन्यांत सुमारे ३ हजार किलोमीटर चालून तो बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. उपग्रहाने त्याच्या ५ हजारांहून जास्त ठिकाणांची नोंद केली. तो शेतांतून गेला, ओढ्यांतून गेला, महामार्ग ओलांडले. उभ्या कपाशीत तो दिवसा लपे आणि रात्री चाले. रानडुकरे आणि गुरे मारून त्याने पोट भरले. माग काढत माणसे त्याच्या विसाव्याच्या झुडपात शिरली तेव्हा एकाला इजा झाली, तेवढाच काय तो झगडा. एरवी हजारो माणसांच्या वस्तीजवळून तो गेला आणि कोणाला कळलेही नाही.

आमच्या कन्नड तालुक्याच्या उत्तरेला गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे. १९८६ मध्ये ते घोषित झाले, पितळखोऱ्याची लेणी त्याच डोंगरात. तिथेही २०२१ मध्ये टिपेश्वरकडूनच आलेला एक वाघ वन विभागाच्या कॅमेऱ्यात सापडला, कित्येक दशकांनंतर. तो कॅमेरा झाडाला बांधलेला असतो. मागे माणूस नसतो, संवाद नसतो, पुन्हा एकदा चालून दाखव असे म्हणणारे कोणी नसते. वाघ समोरून गेला तर चित्र उमटते, नाही गेला तर महिनोन्‌महिने नुसते गवत हलत राहते. त्या धूसर, कृष्णधवल चित्रावर माझा विश्वास बसतो, कारण त्याला आपल्याकडून काही नको आहे.

म्हणून पोरांनी हे कार्यक्रम पाहू नयेत असे मी म्हणणार नाही. पाहू देत. पण पाहताना शेजारी बसून तीन प्रश्न विचारायला शिकवावे. हे चित्र घेणारा कुठे उभा आहे? याच्याजवळ याहून सोपा मार्ग होता का? आणि हे आपल्या शिवारात केले तर काय होईल? एवढे विचारता आले की पोरगा फसणार नाही, आणि त्याची करमणूकही बुडणार नाही.

वाहिन्यांनाही एक सांगणे आहे. प्रसंग उभे केलेले असतील तर ते आमच्या भाषेत, मोठ्या अक्षरांत आणि तोंडाने सांगा. ज्यांना वाचता येत नाही तेही तुमचे प्रेक्षक आहेत. आणि जमले तर एखादा भाग आमच्या डोंगरातल्या मेंढपाळावर करा. कोणत्या झऱ्याला मार्गशीर्षापर्यंत पाणी असते, कोणत्या झाडाखाली बसायचे नाही, ढग कुठून आला की मेंढरे फिरवायची, हे त्याला ठाऊक असते. तो उड्या मारणार नाही, किडे खाणार नाही. दिवसभर काठीवर हनुवटी टेकून उभा राहील आणि संध्याकाळी सगळी मेंढरे मोजून परत आणील.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)